गोळीसाठी रकाना नाही

भिंगरी हे तिचं हजेरीपटावरचं नाव नव्हे. घरात कुणीतरी सहज म्हणून गेलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त बाईंच्या ओरडण्यात उरलं. पोरगी चालायला लागली तेव्हापासून चाललीच नाही. पळाली, धडकली, पडली, उठली आणि पुन्हा पळाली. लहान होती तोवर पाहुणे कौतुकाने हसायचे. शाळेत गेली आणि सगळ्यांचं हसू आटलं. बाईंचा प्रश्न अर्धा असतानाच हिचं उत्तर तयार. दप्तर एका वर्गात, डबा दुसऱ्या वर्गात आणि पायातला एक बूट देव जाणे कुठे. पहिल्या शाळेने गोड बोलून हात जोडले. दुसरीने ठेवून घेतलं, पण शेवटच्या बाकावर, एकटीला, जणू पोरीला गोवर झालाय.

तिची आई शाळेची व्हॅन चालवायची. दुसऱ्यांची पोरं गोळा करायची, शाळेच्या फाटकाशी ओतायची आणि दुपारी पुन्हा गोळा करून घरोघर वाटायची. कोण वळणावर ओकतो, कोण शेजारच्याला चावतो, कोण रडायचं सोंग करतो, सगळं तिला आरशात दिसायचं. तिची स्वतःची पोरगी मात्र पुढच्या सीटवर, पट्ट्यात, हाताच्या अंतरावर. कारण एकदा सिग्नल सुटता सुटता भिंगरीने दार उघडलं होतं आणि खाली उडी मारली होती. रस्त्यापलीकडे कुत्र्याचं पिल्लू दिसलं म्हणून. एका ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून पोरगी वाचली. ट्रकवाल्याने आईला ज्या शिव्या दिल्या त्या तिने मान खाली घालून ऐकल्या, आणि त्याच आठवड्यात कुणालाही न विचारता पोरीला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाई सावकाश काम करणाऱ्या होत्या. घरच्यांना विचारलं, शाळेला विचारलं, पोरीला पुन्हा पुन्हा बोलावलं, आणि मगच म्हणाल्या की हा एडीएचडी आहे. यात आईचं चुकलेलं नाही, लाड जास्त झालेले नाहीत, मार कमी पडलेला नाही. गाडीचं इंजिन उत्तम आहे, ब्रेक मात्र उशिरा लागतात. गोळी सकाळी खाण्याबरोबर द्यायची, भूक नि झोप यांवर नजर ठेवायची आणि ठरल्या दिवशी दाखवायला यायचं.

चमत्कार झाला नाही. दुपारचा डबा अर्धा परत यायला लागला, आई हळहळली. पण पोरगी बाकावर बसायला लागली. एके संध्याकाळी तिने शाळेत घडलेली गोष्ट आईला सांगितली, आणि त्या गोष्टीला सुरुवात होती, मध्य होता, शेवटही होता. आईला आठवेना की याआधी असं कधी झालं होतं. मग व्हॅनमधल्याच एका दोन वेण्यांच्या मुलीने भिंगरीला वाढदिवसाला बोलावलं. जन्मात पहिल्यांदा कुणी तिला बोलावलं होतं. भिंगरी गेली, केक कापेपर्यंत थांबली आणि परत येताना झोपली. आईने व्हॅन बाजूला लावली आणि मोठं दुःख झाल्यासारखी रडली, पण ते दुःख नव्हतं.

आता ही एवढी गोष्ट तिच्या घरात कुणालाही कळायला हवी होती. पण नाही. सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून त्या गोळीचं नाव ‘वेड्याची गोळी’ ठेवलं होतं. आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं, हे वाक्य त्या दिवसातून एकदा तरी भांडी आपटत म्हणायच्या. नवरा मोठ्या शोरूममध्ये टीव्ही विकायचा. माणूस वाईट नव्हता, पण लाजरा होता. त्याला पोरीची लाज वाटत नव्हती, गोळीची वाटत होती. औषधाच्या दुकानात तो स्वतः कधी गेला नाही. गोळ्यांचं पाकीट त्याने डब्यांच्या मागे, सर्वांत वरच्या फळीवर ठेवलं होतं, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

आणि ज्याला आपल्या घरातली एखादी गोष्ट लपवायची असते, त्याला ती गोष्ट नाहीशी करून देतो म्हणणारा माणूस बरोबर भेटतो. असल्या माणसांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

शोरूममधल्या कुणीतरी नवऱ्याला एका केंद्राचा पत्ता दिला. फरशांच्या दुकानावर पहिला मजला, काचेचं दार, आत निळा गालिचा आणि ओळीने संगणक. प्रत्येक संगणकासमोर कानाला हेडफोन लावलेलं एक मूल. भिंतीवर मेंदूचं मोठं चित्र, मेंदूच्या दंडाला बेटकुळी आलेली. केंद्राचे सर उंच, बोलायला मधाळ, हातात कायम टॅब. त्यावर आलेख दाखवायची त्यांना इतकी सवय की व्हॅनमधल्या पोरांच्या पालकांत त्यांचं नाव ‘आलेखवाले सर’ असंच होतं. त्यांनी नवरा-बायकोला समजावलं की मेंदूत एक मुकादम असतो. हात आवरणं, सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, एक काम सोडून दुसऱ्यावर जाणं, ही सगळी त्या मुकादमाची कामं. याला कार्यकारी क्षमता म्हणतात. तुमच्या मुलीचा मुकादम झोपलाय. आमचे खेळ त्याला व्यायाम देतात. मूल हुशार होत जातं तसा खेळ अवघड होत जातो. गोळ्या नाहीत, इंजेक्शनं नाहीत. फक्त खेळ.

आईला ते पटलंसुद्धा. खेळाने कुणाचं वाईट झालंय? डॉक्टरीणबाईंनाही तिने विचारलं. त्या म्हणाल्या, खेळू दे, त्या खेळात ती नक्की हुशार होईल. पण खेळातली हुशारी बाहेर किती उतरते त्याची खात्री मी देणार नाही, आणि दुसऱ्या कुणी दिली तर सावध राहा. गोळीचं काहीही बदलायचं असेल तर आधी मला विचारा.

सरांची एकच अट होती. पहिल्या परीक्षेच्या दिवशी गोळी द्यायची नाही. आम्हाला खरा मेंदू बघायचाय, असं ते म्हणाले. खरा मेंदू हे शब्द आईला कुठेतरी टोचले. म्हणजे वाढदिवसाला केक कापेपर्यंत थांबली ती खोट्या मेंदूची पोरगी होती की काय? पण एका दिवसाचा प्रश्न, नवरा शेजारी मान डोलावतोय. ती गप्प बसली.

त्या दिवशी भिंगरीने परीक्षेचं काय केलं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगायला हवं. पडद्यावर चित्र यायच्या आत ती बटण दाबत होती. हेडफोनची वायर तिने दोनदा उपटली. पाण्याचा ग्लास कीबोर्डवर सांडला, मग घाबरून टेबलाखाली शिरली आणि तिथूनच ओरडून उत्तरं द्यायला लागली. शेजारची मुलं हसली. संगणक सांभाळणारी एक तरुण मुलगी होती, बारा महिने राखाडी कार्डिगन घालणारी. तिने भिंगरीला हाताला धरून बाहेर काढलं. सरांनी टॅबवर एक बुटका लाल खांब दाखवला आणि ते चुकचुकले. नवऱ्याने मान खाली घातली. आईने पोरीचा ओला फ्रॉक पिळला.

मग आठवड्यातून काही संध्याकाळी केंद्र सुरू झालं. भिंगरीचा आवडता खेळ बेडकाचा. तळ्यात पानं येतात, पान आलं की बटण दाबायचं, बेडूक आला की हात आवरायचा. दुसऱ्या खेळात दिवे लागायचे, ते उलट्या क्रमाने लक्षात ठेवायचे. पोरीला खूळच लागलं. खेळात ती सरसर वर गेली. घरी मात्र नळ उघडाच राहायचा, एकच मोजा सापडायचा, आणि ‘दूध बघ गं’ म्हटलं की ती दुधाकडे खरंच बघत उभी राहायची, ते उतू जाईपर्यंत. आईने कार्डिगनवालीला हळूच विचारलं की बाहेरचं काही मोजता का तुम्ही. ती म्हणाली, पातळी वर जातेय ना ताई. आणि पुढच्या मुलाचा हेडफोन नीट करायला गेली.

शेवटची परीक्षा सुट्टीच्या दिवशी सकाळी ठेवली होती. भिंगरीने न्याहारी केली, रोजची गोळी घेतली, केंद्रात जाऊन शांतपणे बसली आणि सगळे बेडूक आवरले. टॅबवर लाल बुटक्या खांबाशेजारी हिरवा खांब उभा राहिला, बघणाऱ्याची मान वर व्हावी इतका उंच. नवऱ्याने त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. वन्संनी फोन करून अभिनंदन केलं. सासूबाईंनी पहिल्यांदा सुनेकडे बघून समाधानाने मान हलवली. सर म्हणाले, आता गोळी बंद करायला हरकत नाही, मुकादम जागा झालाय. येत्या रविवारी पालकांचा मेळावा आहे, तुमची मुलगी आमची आदर्श विद्यार्थिनी म्हणून सगळ्यांसमोर खेळेल, आणि त्याच दिवसापासून गोळी बंद. नवरा हो म्हणून मोकळा झाला. डॉक्टरीणबाईंचं नावही त्याच्या तोंडात आलं नाही.

आईला दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॅन चालवताना लक्षात आलं. वेगळं काही घडलं नव्हतं. मागे पोरं कलकलत होती, ती गियर बदलत होती, आणि तिच्या डोळ्यांसमोर ते दोन खांब आले. लाल खांबाच्या दिवशी गोळी नव्हती. हिरव्या खांबाच्या दिवशी होती. लाल खांबाच्या दिवशी ती रोखली होती ती सरांच्या सांगण्यावरून, आणि हिरव्या खांबाच्या दिवशी दिली होती ती रोजच्या सवयीने, कारण कुणी काही विचारलंच नव्हतं. गोळीने पीठ दळून ठेवलेलं, आणि हे आयत्या पिठावर रेघोट्या ओढून म्हणतायत, बघा आमचा आलेख.

पोरं सोडून ती तशीच केंद्रात गेली. सर कुणाशी तरी फोनवर बोलत होते. तिने कार्डिगनवालीला विचारलं की परीक्षेच्या दिवशी मुलाने गोळी घेतली होती की नाही हे तुम्ही कुठे भरता. त्या मुलीने संगणकाकडे बघितलं, मग दाराकडे, मग जमिनीकडे. म्हणाली, वय आहे, शाळेची इयत्ता आहे, डावखुरा की उजवा हेही आहे. गोळीसाठी रकाना नाही.

डावखुरा की उजवा. रागाने व्हॅनवालीचे कान तापले.

सर बाहेर आले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे ती बोलत असताना ते हसत राहिले. मग मधाळपणे समजावलं की गोळी मेंदूला फक्त दाबून ठेवते, आम्ही त्याला घडवतो. गोळीने असला आलेख येत नसतो. तुम्ही आई आहात, तुमची भीती मी समजू शकतो. भीती. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोर इतका कनवाळू असतो हे तिला नवीन होतं.

घरी तिने नवऱ्यासमोर सगळं मांडलं. तिला वाटलं होतं, इतकी सरळ गोष्ट कुणालाही कळेल. पण ज्याला कळून घ्यायचंच नाही तो पालथा घडा. नवरा म्हणाला, सगळ्या नातेवाइकांत सांगून झालंय, आता तुझं हे काय नवीन. सासूबाई आतून म्हणाल्या की काही बायकांना आपलं मूल आजारी असलेलंच बरं वाटतं, म्हणजे लोकांची सहानुभूती मिळते. नवऱ्याने आपल्या आईला थांबवलं नाही. उलट हळू आवाजात म्हणाला, “तुला तिची प्रगती बघवत नाही का गं?”

लग्नानंतर या बाईने पुष्कळ ऐकून घेतलं होतं. पण हे वाक्य तिच्या अंगात काच शिरावी तसं शिरलं. तिने फक्त विचारलं, “गोळी बंद झाली आणि ती परत सिग्नलला उतरली, तर तो हिरवा खांब ट्रकसमोर आडवा घालणार का तुम्ही?” नवरा उठून टीव्ही लावायला गेला.

रविवारची सकाळ उजाडली. आई ओट्यापाशी उभी होती, फळीवरून काढलेलं पाकीट हातात होतं. आणि तिच्या मनात एक काळा विचार आला. नकोच देऊ या. त्यांनीच सांगितलंय ना आजपासून बंद. जाऊ दे तशीच. बसू दे सगळ्यांसमोर, उपटू दे वायरी, शिरू दे टेबलाखाली. पडू दे सर तोंडघशी, आणि शेजारी नवराही पडू दे. तिला एक शब्दही बोलावा लागणार नव्हता. या विचाराची चव तिला गोड लागली, हे खोटं कशाला सांगायचं. इतक्या दिवसांचा अपमान एका सकाळी फिटला असता.

तेवढ्यात भिंगरी आली. नवा फ्रॉक उलटा घातला होता, केसांना तीन पिना, तिन्ही एकाच बाजूला. म्हणाली की आज तिची मैत्रीण बघायला येणार आहे, दोन वेण्यांवाली, तिच्या आईबरोबर. तिचाही भाऊ केंद्रात येतो ना.

आईने फ्रॉक सुलट केला. टोस्ट दिला, दूध दिलं आणि गोळी दिली. हे गुपित ठेव असं तिने सांगितलं नाही. एक तर मुलीला खोटं शिकवायचं नव्हतं. दुसरं म्हणजे या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिला गुपित सांगणं आणि चाळणीत पाणी ठेवणं एकच.

मेळाव्याला निळ्या गालिच्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. पालक भरपूर. प्रत्येकाच्या मांडीवर किंवा पायाशी एक मूल, आणि प्रत्येक आईबापाच्या चेहऱ्यावर तोच भाव, कुणीतरी एकदा म्हणा की हे संपणार आहे. त्या चेहऱ्यांकडे बघून व्हॅनवालीला सरांचा जास्तच संताप आला. थकलेल्या माणसाला फसवायला अक्कल लागत नाही.

समोर मोठा पडदा. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून बाजूला उभा. त्याला दोन शब्द बोलायचे होते आणि शोरूममध्ये रोज बोलतो तसेच तो छान बोलला. आधी काय होतं, आता काय आहे. लाल खांब, हिरवा खांब. मग भिंगरी खेळायला बसली. पानं आली, बेडूक आले, तिचं बोट बरोबर थांबलं, बरोबर पडलं. एकही चूक नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन वेण्यांवाली खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

सरांनी भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक तिच्यासमोर धरला. “बाळा, आता सगळ्यांना मोठ्याने सांग. तुला गोळी लागते का?”

भिंगरीने विचार केला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तिचा जन्माचा धर्म. “सकाळीच घेतली की. आईने दिली, टोस्टबरोबर. म्हणून तर इतका वेळ बसलेय.” आणि कुणी थांबवलं नाही म्हणून तिने पुढचंही सांगून टाकलं. “आणि तो बेडूक ना, दोन पानांनंतरच येतो. मला पाठ झालाय.”

कुठेतरी एक माणूस फिस्सकन हसला आणि लगेच खोकला. सरांनी माइक काढून घेतला, म्हणाले, मुलं किती निरागस असतात बघा. नवरा बायकोकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या मागे दुसरंही काहीतरी होतं, त्याला अजून नाव नव्हतं.

व्हॅनवाली उठली. सर लगबगीने म्हणाले की मॅडम, आपण आत बसून बोलू.

“आत नको. लाल खांब सगळ्यांसमोर दाखवलात, तर इथेच बोलू. आणि माइक नकोय मला, माझा आवाज व्हॅनच्या शेवटच्या सीटपर्यंत जातो.” ती सरांच्या समोर जाऊन उभी राहिली. “पहिल्या परीक्षेला तुम्ही सांगितलंत गोळी देऊ नका. मी दिली नाही. पोरगी टेबलाखाली बसली, तुम्ही त्याचा खांब केलात. शेवटच्या परीक्षेला कुणी विचारलं नाही. मी रोजच्यासारखी दिली. तुम्ही त्याचाही खांब केलात. मधल्या दिवसांत ती बेडकात हुशार झाली, ते मान्य. पण जे गोळीचं आहे ते तुम्ही स्वतःच्या नावावर लावलंत आणि वर सांगताय गोळी बंद करा.”

मग ती मागे वळली, खुर्च्यांकडे. “तुमच्यापैकी कुणाकुणाला पहिल्या दिवशी गोळी देऊ नका म्हणून सांगितलं होतं?”

 मग दोन वेण्यांवालीच्या आईचा हात वर आला, कोपरात दुमडलेला, जणू कुणी ओरडेल. मग भिंतीकडच्या एका आजोबांचा. मग एका जोडप्याने एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही हात वर केले. मागे कार्डिगनवाली दाराला टेकून उभी होती. तिने हात वर केला नाही, पण ती रडत होती.

सरांचा मध संपला होता. तरी माणूस तयारीचा. ते म्हणाले की ठीक आहे, आरोप केलाय तर सिद्ध करा. उद्या मुलीला गोळी न देता आणा, सगळ्यांसमोर परीक्षा घेऊ. दूध का दूध, पाणी का पाणी.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. बोलणं वरून किती न्यायाचं. नवरा पुढे आला आणि हळूच म्हणाला, “हरकत काय आहे? एकदाचं कळू दे.”

तिला सकाळचा ओटा आठवला, आणि तिथे गोड लागलेली ती चव. आता ती तोंडात कडू झाली.

“हरकत आहे,” ती म्हणाली. “एकदा तिला टेबलाखाली बघितलं, तेव्हा मी गप्प बसले. ज्यांनी माप खोटं लावलं त्यांच्याच हातात परत मापायला पोरगी देऊ? तुमचं चुकलंय ना, तर तुमची मापं तपासा. सगळ्या मुलांची तपासा. डॉक्टरांना बोलावून तपासा. माझी पोरगी तुमच्या भांडणात पुरावा म्हणून उभी राहणार नाही. आणि तिची गोळी बंद करायची की नाही ते तिची डॉक्टर ठरवेल, तुमचा बेडूक नाही.”

तिने भिंगरीचा हात धरला आणि ती काचेच्या दारातून बाहेर पडली. जिन्यात भिंगरीने विचारलं, मी काही चुकीचं बोलले का. आई म्हणाली, अजिबात नाही. भिंगरीला तेवढं पुरलं, ती दोन-दोन पायऱ्या सोडून खाली गेली.

नवरा व्हॅनमध्ये मागे बसला, पार शेवटच्या सीटवर.  घरी सासूबाईंना सगळं आधीच कळलं होतं, नातेवाइकांचे फोन चालायला वेळ लागत नाही. चार लोकांत नवऱ्याचं नाक कापलं म्हणून त्या दिवसभर धुमसत राहिल्या. सुनेने भांडी घासली, उद्याच्या फेरीसाठी व्हॅनमध्ये पेट्रोल भरून आणलं. तिला आता उत्तर द्यायचा कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना नवऱ्याचा फोन वाजला. आलेखवाले सर. नवऱ्याचा हात जेवणात, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला. सरांचा मध रातोरात परत आला होता. ते म्हणाले की पुढचा टप्पा तुमच्या मुलीला आमच्यातर्फे मोफत. फक्त पालकांच्या ग्रुपवर एवढं टाका, की तुमच्या मिसेसचा गैरसमज झाला होता. तुम्ही समजूतदार आहात. तुमचं तर सेल्समधलंच काम, तुम्हाला माहीतच आहे, गिऱ्हाईकाला फरक दिसावा लागतो.

नवऱ्याने हातातला घास परत ताटात ठेवला. बायको त्याच्याकडे बघत नव्हती. भिंगरी टेबलाखाली पाय हलवत होती आणि प्रत्येक हेलकाव्याला त्याच्या गुडघ्याला तिची लाथ बसत होती. त्याने पाय बाजूला घेतला नाही.

“सर,” तो म्हणाला, “दोन टीव्ही शेजारी लावतो ना आम्ही, तेव्हा जो खपवायचा नसतो त्याचा उजेड मुद्दाम कमी ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय फरक आहे. वर्षानुवर्षं करतोय हे. म्हणून काल ती बोलली तेव्हाच मला कळलं होतं तुम्ही काय केलंय.” तो थांबला. “पण आम्ही ते टीव्हीला करतो हो. तुम्ही माझ्या पोरीचा उजेड कमी केलात.”

पलीकडून सर काहीतरी म्हणायला लागले. नवऱ्याने डाव्या हाताने फोन बंद केला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या काही न बोलता आत वळल्या. तेवढीही त्यांच्याकडून मोठीच गोष्ट होती.

बायकोच्या मनात आलं की तेव्हाच कळलं होतं तर तेव्हाच का नाही बोललात. ‘हरकत काय आहे’ असं कोणत्या तोंडाने म्हणालात. हा प्रश्न तिने सोडला नाही, फक्त पोरगी झोपल्यावर विचारायचा म्हणून बाजूला ठेवला. माफ करणं इतकं स्वस्त नव्हतं.

नवऱ्याने हात धुतले, वरच्या फळीवरचे डबे सरकवले, पाकीट काढून टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं.

“संपत आल्यात,” तो म्हणाला. “डॉक्टरीणबाईंकडे कधी जायचंय? या वेळी मीही येतो.”

“गुरुवारी. दुपारच्या फेरीनंतर,” ती म्हणाली. “आणि येणार असाल तर ऐकायला या. तिथे काही विकायला जाऊ नका.”